वाकडं तोंड

सुमिराह सोलो शहराच्या बाजारात पंचवीस वर्षं पाठीवर टोपली बांधून जामू, म्हणजे झाडपाल्याचा काढा, विकत होती. कडू घोटानं गिऱ्हाइकाचं तोंड वाकडं झालं की तिला समाधान वाटायचं. मग ती वरून गूळ-आल्याचं पाणी फुकट पाजायची.

तिची लेक वेनिंग एका शीतपेयांच्या कंपनीत संशोधक होती. त्याच कडू पाल्याचं सत्त्व तिनं डोळ्यांना न दिसणाऱ्या नॅनोकणांत असं कोंडलं, की बाटलीतल्या चहात घातलं तरी जिभेला पत्ता लागू नये. चाखायला बसवलेल्या चाळीस जणांपैकी एकालाही साधा चहा कुठला आणि औषधी कुठला, हे सांगता आलं नाही.

"कडूच लागत नाही, तर आत औषध आहे कशावरून, पोरी?" सुमिराहनं विचारलं.

"मी सांगते ना, आई!"

लेकीच्या शब्दावर तिनं टोपली माळ्यावर टाकली आणि एक टपरी थाटून जुन्या गिऱ्हाइकांना त्याच बाटल्या विकायला लागली.

तीन महिन्यांनी वेनिंगनं आईच्या टपरीवरची एक बाटली सहज म्हणून तपासली. आत नुसता गोड चहा. दुसरी फोडली, तिसरी फोडली, तेच. ती तरातरा कंपनीच्या कारखान्याचे व्यवस्थापक हेंदार्तोसाहेब यांच्याकडे गेली. त्यांनी शांतपणे त्या चाळीस जणांच्या चाचणीचा तिचाच जुना अहवाल तिच्यापुढे सरकवला.

 

"वेनिंगबाई, कुणालाच फरक कळत नाही, हे तुम्हीच तर सिद्ध केलंत."