कमरेला लावायचं पिस्तूल

व्हर्जिलने आपल्या बंदुकांच्या दुकानातल्या काचेच्या कपाटातलं सगळ्यात लहान पिस्तूल काढून डार्लापुढे ठेवलं. "बायका हेच नेतात, पोरी. पर्समध्ये सहज मावतं."

डार्ला नर्स होती. केंटकीच्या त्या डोंगराळ भागात म्हाताऱ्या रुग्णांच्या घरी ती एकटीच गाडी घेऊन फिरायची. दुकानामागच्या मोकळ्या जागेत तिने ते पिस्तूल चालवून पाहिलं. एवढंसं असूनही ते हातात जोरात उसळलं आणि गोळी भलतीकडेच गेली. तिने ते परत केलं आणि त्याहून जाड, जड पिस्तूल मागून घेतलं. त्याच्या गोळ्या मात्र पुठ्ठ्याच्या माणसाच्या बरोबर छातीत बसल्या.

"हे कपड्यांखालून उठून दिसेल," व्हर्जिल म्हणाला.

"ढगळ कपडे घालीन. पण कमरेलाच हवं मला. पर्स हिसकावली तर काय करू?"

व्हर्जिलने आता तिच्याकडे नीट बघितलं. "कोणी मागे लागलंय का?"

"कामावरून निघाले की एक जण घरापर्यंत माझ्यामागे गाडी आणतो."

"मग शेरीफच्या पोलीस कचेरीत तक्रार दे की."

"दिली, काका. वर्दी घालून तोच आला चौकशीला."