चौथ्या मजल्यावरची सही

"पाकीट घेतलंस ना?" दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबलेल्या मैत्रीने नवऱ्याला विचारलं.

श्रीरंगने कोटाच्या आतल्या खिशावर हात ठेवला. "घेतलंय. आणि वड्या?"

"या काय." तिने पिशवी वर करून दाखवली. नारळाच्या वड्या तिने सकाळी पोटाचा भार सांभाळत, ओट्याला टेकून टेकून केल्या होत्या. काम कसलंही असो, वडीलधाऱ्यांकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, ही आईची शिकवण न्युरेम्बर्गमध्येही सुटली नव्हती.

"बोलायचं तू हं. मी तोंड उघडलं तर रडायलाच लागेन."

"रडायचं काय त्यात? कायद्याने हक्क आहे आपला."

"गेनाऊ, अगदी बरोबर! मग दर पायरीला खिसा का चाचपतोयस?"

श्रीरंगने खिशावरचा हात काढला. ऑफिसात भल्याभल्यांशी हुज्जत घालणारा हा इंजिनिअर फ्राऊ केस्लरांपुढे शाळकरी पोर होऊन जायचा. तीन वर्षांपूर्वी तो घर बघायला पहिल्यांदा आला, तेव्हा त्या पंच्याऐंशीला टेकलेल्या बाईंनी त्याची चांगली तासभर उलटतपासणी घेतली होती. थंडीत खिडक्या किती वेळ उघड्या ठेवायच्या? जिना कोण झाडणार? रविवारी भिंतीला ड्रिल लावायचं नाही, हे माहीत आहे का? घर हवं असलं की माणूस काय काय ऐकून घेतो! तेव्हापासून नळ गळला की पाना श्रीरंगच्या हातात आणि बर्फ पडलं की फावडंही त्याच्याच हातात. वर खिडकीत फ्राऊ उभ्या, कुठला कोपरा राहिला ते सांगायला.

आता मात्र पाणी गळ्याशी आलं होतं. पगारातला मोठा वाटा घराच्या नावाने जायचा, कंपनीने कामाचे तास कमी केले होते आणि बाळ महिन्याभरावर आलं होतं. त्याच्या आत घराचा प्रश्न सुटायलाच हवा होता, आणि तो सुटणं फ्राऊंच्या हातात होतं.

परवा त्या फोनवर म्हणाल्या होत्या, "वोनगेल्डच्या कागदावर सही लागेल. रविवारी चारला या. उशीर नको."

वोनगेल्ड म्हणजे पगार किंवा पेन्शन भाड्याला पुरेनाशी झाली की सरकार देतं तो हातभार. त्यासाठी भाडं किती आहे ते घरमालकाने सहीनिशी लिहून द्यावं लागतं. गरज कितीही असो, तो कागद मालकापुढे धरणं भल्याभल्यांच्या जिवावर येतं.

चौथ्या मजल्यावर दार उघडंच होतं. फ्राऊ केस्लर ताठ उभ्या होत्या, जिना चढून आलेल्या या दोघांचीच छाती धपापत होती. दोघांनी न सांगता बूट काढले.

"कधी?" मैत्रीच्या पोटाकडे बघत फ्राऊंनी विचारलं.

"पुढच्या महिन्यात."

"आल्झो, मग जागा लागेल," त्या म्हणाल्या आणि स्वतःच्या खुर्चीतली उशी काढून त्यांनी मैत्रीच्या पाठीशी दिली.

वडीचा एक तुकडा त्यांनी चाखला. "साखर फार आहे," असं म्हणून दुसरी वडी उचलली. श्रीरंगने खिशाकडे हात नेला आणि तसाच खाली घेतला. काहीतरी बोलायचं म्हणून त्याने शेगडीजवळच्या भिंतीवर कॅलेंडराखालून डोकावणाऱ्या विटेकडे बोट दाखवलं. "तिथला गिलावा पडलाय का? करून देतो."

"हात लावू नका!"

त्या उठल्या आणि भिंतीवरचं कॅलेंडर त्यांनी बाजूला केलं. त्यामागे हातभर जागेत विटा उघड्या होत्या.

"मी सात वर्षांची होते. युद्ध संपलं होतं. हे घर म्हणजे खालच्या चार भिंती आणि रस्त्याभर ढिगारा. आई आणि मी त्यातून विटा वेचायचो. हातोडीने चुना खरवडला की वीट पुन्हा कामाला यायची. हिवाळाभर तेच केलं. ही खालची माझी. तिच्यावरची आईची. गिलावा करणाऱ्याला आईने एवढा तुकडा उघडा सोडायला लावला."

श्रीरंगच्या अंगावर काटा आला. या घराचं क्षेत्रफळ, छताची उंची, पाण्याच्या नळ्या कुठून कुठे जातात, सगळं त्याला पाठ होतं. हे माहीत नव्हतं. एवढ्याशा पोरीच्या हातांनी वेचलेल्या विटा, आणि त्या भिंतीच्या आधाराने ती पोर आजही उभी! त्याने नकळत विटेवर तळवा ठेवला. वीट शेगडीच्या उबेने कोमट होती. देवळात गेल्यासारखं त्याला झालं, आणि आपण इथे कशाला आलोय ते आठवून लाजही वाटली.

मैत्रीही उठून जवळ आली होती. "श्रीरंग," ती मराठीत हळूच म्हणाली, "नको रे आज. राहू दे ते पाकीट."

"अगं, मग बाळाचं काय?"

"ते मला नाही माहीत."

फ्राऊंना मराठी कळत नव्हतं. पण त्यांची नजर त्याच्या कोटावरून फिरून परत आली. मग त्यांनी कपाटातून वोनगेल्डचा कागद आणला, टेबलावर ठेवला आणि त्यावर आपला हात पसरला.

"हे मागणं सोपं नसतं," त्या म्हणाल्या.

"नाही," श्रीरंग म्हणाला.

फ्राऊंनी कागद त्याच्याकडे फिरवला आणि वर पेन ठेवलं.

"भाडेकरू म्हणून माझी सही केली आहे. घरमालकाची इथे करा, हेर गायधनी. आणि मला घर सोडायला सांगणारं ते कोटातलं पत्र द्यायचं की नाही, ते सही झाल्यावर ठरवा."