तीन पिनांची वायर

"एकेरी वायरीत घूं असा आवाज येतो म्हणजे येतोच," यशवंतराव म्हणाले आणि पोह्यांची बशी खाली ठेवली.

बळवंतराव धारहून मुलाला, राजवीरला घेऊन देवासला यशवंतरावांच्या मुलीला, कृतिकाला पाहायला आले होते. मुलगी अजून बाहेर आली नव्हती आणि दोन्ही बाप अँप्लिफायरवर पोचलेसुद्धा. मुलाचे वडीलही त्याच नादातले आहेत, हे मध्यस्थाने आधीच सांगून ठेवलं होतं.

यशवंतराव तीन पिनांच्या बॅलन्स्ड वायरीचे भक्त. तिच्यात एकच आवाज दोन तारांतून सुलटा आणि उलटा जातो, म्हणून वाटेत शिरलेली घरघर आपोआप कापली जाते. बळवंतराव साध्या एकेरी वायरीचे.

"दोन हातांच्या अंतराला एवढा लवाजमा कशाला, भिया?"

"ज्याला कान आहेत त्याला कळतं."

"कान? खरा गळा आणि टेपवरचा गळा मी डोळे मिटून वेगळा सांगतो!"

"मी झोपेत सांगतो."

स्वयंपाकघरात इंदिराबाईंनी कपाळाला हात लावला. त्यांच्या नवऱ्याने मागचं स्थळ असंच स्पीकरवरून मोडलं होतं. त्याआधीची दोन कृतिकानेच नाकारली. "मावशीला शेजारी बसवून दहा मिनिटं बोलायचं, त्यात माणूस काय कळणार? मला एक तास द्या," हे तिचं म्हणणं. आपल्यात ती रीत नाही, हे यशवंतरावांचं. या वेळी फोटो तिला आवडला होता, पण तासाचा हट्ट सुटला नव्हता. सकाळपासून ती आतल्या खोलीत एकटीच पुटपुटत होती. पोरगी घाबरलीय, असं इंदिराबाईंना वाटलं आणि त्यांचा जीव कळवळला.

कृतिका चहा घेऊन बाहेर आली आणि वडिलांना म्हणाली,

"आबासाहेब, भांडता कशाला? परीक्षाच होऊन जाऊ द्या. अँप आतल्या खोलीत आहे, स्पीकर इथे. दोन्ही वायरी लावते आणि मधूनमधून बटण फिरवते. फिरवलं की हाक देईन. कुठली वायर चालू आहे ते तुम्ही दोघं लिहा. दहा वेळा."

"एकटीला जमेल?"

"हे येतील ना मदतीला."

राजवीर उठून उभाच राहिला. यशवंतराव जरा घुटमळले. मग म्हणाले, "दाराशी आम्ही बसलोच आहोत. आणि दार लावून घ्या, पंख्याची घरघर नको."

आतून सतारीची सीडी सुरू झाली. दोघे कागद-पेन घेऊन ताठ बसले.

"फिरवलं, आबासाहेब!"

"अहाहा, पडदा सरकला," म्हणत यशवंतरावांनी उत्तर लिहिलं.

पाच मिनिटांनी पुन्हा, "फिरवलं, आबासाहेब!"

"आता तार बसली. बिलकुल साफ फरक है," बळवंतराव पुटपुटले.

पाचव्या खेपेनंतर इंदिराबाईंनी दाराशी जाऊन विचारलं, "कृतिका, चहा हवाय का गं?"

थोड्या वेळाने उत्तर आलं, "फिरवलं, आबासाहेब!"

"काय लक्ष आहे कामात! आणि बोलणं कसं मोजकं," बळवंतराव खूश झाले. "आमचा राजवीर तर लाजून गप्पच बसलाय."

आठव्या खेपेला त्यांना राहवेना. त्यांनी यशवंतरावांचा कागद ओढून स्वतःच्या कागदाशेजारी धरला. तीन पिन, एकेरी, तीन पिन, एकेरी. आठही उत्तरं तंतोतंत सारखी.

बळवंतरावांचे डोळे पाणावले. "भिया, तीस वर्षांत माझ्यासारखे कान पहिल्यांदा भेटले. वायर गेली चुलीत. मुलगी आम्हाला पसंत!"

दोघांनी एकमेकांना मिठी मारली. मुलांना तोंड गोड करायला बोलवायचं म्हणून इंदिराबाईंनी पेढ्यांची बशी घेतली आणि आतलं दार ढकललं.

मागचं दार सताड उघडं होतं आणि खोलीत कुणीही नव्हतं. तीन पिनांची वायर टेबलावर खोक्यातच होती, आणि तिच्याशेजारी चालू असलेला टेपरेकॉर्डर म्हणाला, "फिरवलं, आबासाहेब!"