चार तर पायऱ्या

बिबट्याच्या धास्तीनं अख्खं गाव दिवस कलताच ग्रामपंचायतीच्या उंच ओट्यावर जमलं. अमृतची व्हीलचेअर मात्र नेहमीसारखी खालीच, पायऱ्यांपाशी, लगतच्या उसाकडे पाठ करून थांबली.

"नाना, रॅम्पचं बघा की कायतरी," याही वेळी त्यानं मान वर करून म्हटलं.

"आरं, चार तर पायऱ्या हायेत. त्या तुज्या एकट्यासाठी फोडायच्या व्हय?" सरपंच नानासाहेब हसले. "तिथनं ऐकू येतंय न्हवं? मग झालं तर!"

ऐकू सगळंच येत होतं. जुन्नरहून आलेला वनरक्षक सांगत होता, "बिबट्या उभ्या माणसाला बिचकतो. पण बसलेला माणूस त्याला शेळी-वासराएवढाच दिसतो. म्हणून अंधारून आलं की उसाच्या कडेला एकट्यानं बसायचं नाही. उभं राहायचं."

"व्हय, उभंच ऱ्हायचं," ओट्यावरची माणसं माना डोलवत एकमेकांना सांगू लागली.

अमृतला हसू फुटलं. त्यानं हात वर केला.

"आन् माज्यासारख्यानं काय करायचं वो, सायेब?"

ओट्यावरच्या माना खाली वळल्या. सगळ्यांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. मग त्या नजरा हळूहळू त्याच्या डोक्यावरून पलीकडे, उसाकडे सरकल्या आणि तिथंच खिळल्या. अमृतच्या पाठीमागं वाळलं पाचट वाजलं.



पायऱ्या चारच होत्या. पण त्या घडीला अख्ख्या गावातल्या एकालाही त्या उतरता येईनात.