आतली कडी

आरतीनं ड्रिल आपल्या खोलीच्या भिंतीवर टेकवलं आणि खटका दाबायच्या आधी एकदा मागं पाहिलं. सासू, कुशाबाई, स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या. सासरे हौशीराम हॉलमध्ये टीव्हीसमोर. नवरा गोरख पहाटेच टोमॅटो घेऊन नारायणगावला गेला होता. "आलो की बघू," असं म्हणून गेला होता. पण मुलाखत अकराला होती आणि तो दुपारशिवाय यायचा नव्हता.

तिनं खटका दाबला. भिंत थरथरली. विटांचा लाल भुगा हातावर, केसांत उडाला.

"भूकंप झाला का काय?" हॉलमधून हौशीराम ओरडले.

कुशाबाई पिठाच्या हातांनीच धावत आल्या. "अगं, भिताडाला भोक पाडतीस? कुणाला इचारलंस?"

"इचारलं असतं तर तुमी नाय म्हणला असता, आत्याबाई."

पुण्याच्या एका दवाखान्याचे फोन घरी बसून घ्यायचं काम होतं. त्यांची अट साधी होती: वायफाय चालणार नाही, थेट केबल लागेल, आणि मागं घरातला आवाज यायला नको. राउटर हॉलमध्ये, टीव्हीशेजारी. गोरखनं आधी मंचरहून केबल आणली होती. वरून पांढरीशुभ्र, आत ॲल्युमिनियमवर तांब्याचं नुसतं पाणी चढवलेलं. खोलीपर्यंत येता येता आवाज तुटायचा. मग काल आरती स्वतः जीपनं जाऊन अस्सल तांब्याची घेऊन आली.

"दारातनं ने की वायर," कुशाबाई म्हणाल्या. "उंबऱ्यावरनं."

"मग दार लागत नाय."

"नाय लागलं तर नाय लागलं! दिवसाढवळ्या सुनेनं कडी लावून बसायचं? मानसं काय म्हणतील?"

"मागल्या मुलाखतीला मामा रिमोट शोधत आत आले. बाई तिकडनं इचारायला लागली, कोण बोलतंय म्हणून. आता परत तसं झालं तर संपलं."

ती पुन्हा भिंतीकडं वळली. ड्रिल एकदाचं आरपार गेलं. तिनं घाईघाईनं केबल भोकात सारली. वायर मावत होती, पण तिच्या टोकाचा प्लग अडत होता. आडवा करून पाहिला, उभा करून पाहिला. कापून टाकावा तर परत बसवायचं हत्यार घरात नव्हतं. तिनं घड्याळाकडं पाहिलं, परत प्लग दाबला, परत घड्याळाकडं पाहिलं.

कुशाबाईंनी भोकाकडं पाहिलं, मग तिच्या तोंडाकडं. आणि त्या निघून गेल्या. तव्यावर भाकरी असेल, आरतीला वाटलं.

त्या परत आल्या त्या छिन्नी-हातोडा घेऊन.

"सरक."

"आत्याबाई, जपून. वायर..."

"ह्या भिताडाच्या इटा मी डोक्यावर वाहिल्यात. मला नको शिकवू."

दणादण घाव बसले. पोपडे निघाले. "अगं, काय चाललंय काय?" हौशीरामांनी विचारलं.

"टीव्ही बघा तुमी! आन् आवाज बारीक करा."

प्लग पलीकडं निघाला. आरतीनं हॉलमध्ये जाऊन तो राउटरला लावला, परत येऊन दुसरं टोक लॅपटॉपला. बारीक हिरवा दिवा लुकलुकला. तिनं तोंडावरचा भुगा पदरानं पुसला, दार ओढलं आणि कडी लावली.

बोलताना सुरुवातीला तिचा आवाज कापत होता. मग स्थिरावला. मधेच दाराबाहेर पावलं वाजली आणि तिनं कडीकडं पाहिलं. पण लगेच कुशाबाईंचा दबका आवाज आला, "गप! आत काम चाललंय." पावलं मागं फिरली.

मुलाखत संपल्यावर तिनं हेडफोन काढून ठेवला. मग उठून कडी काढली. कुशाबाई दाराला पाठ लावून गव्हाचं सूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"झालं?"

"झालं. सोमवारपास्नं सुरू करा म्हणले."

कुशाबाईंनी मान हलवली. सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात देऊन उठल्या.

"मग तू जरा भाईर हो."

"का? आत काय पायजे का तुमाला?"

"काय नाय. बसायचंय."

त्या आत गेल्या. खुर्चीकडं पाहिलं, पलंगाकडं पाहिलं, आणि मागं वळून दार लावून घेतलं. आतली कडी एकदा अडली, दुसऱ्यांदा अडली. मग बसली.

आत काहीच आवाज नव्हता. आरती दाराशी उभी राहिली.

"अगं ए, जेवायला वाढतीस का न्हाई?" हॉलमधून हौशीरामांची हाक आली.

"मी वाढते, मामा," आरती हळू आवाजात म्हणाली. "आत्याबाई कामात हायेत."