मालकीण समोर नसताना

"बाईंना घेऊन या, मग उघडतो," कुलूपवाला म्हणाला आणि पेटी गिऱ्हाइकाकडे परत सरकवली.

"अहो, बायको माझीच आहे!"

"बायको तुमची. पेटी तिची."

गिऱ्हाईक तणतणत निघून गेलं. जाऊ दे. तीस वर्षांच्या धंद्यात कुलूपवाल्याने हा एक नेम मोडला नव्हता: ज्याचं कुलूप, तो समोर हवा. गल्लीतले लोक बँकेपेक्षा आपल्यावर जास्त भरवसा ठेवतात, असं तो सांगायचा. तोच सांगायचा, पण खोटं नव्हतं ते.

दुकान रिकामं झालं तसा त्याने कानस बाजूला ठेवून फोन उचलला. या आठवड्याचे दोनशे सकाळच्या चहाआधीच उडाले होते. फोनवरच्या पत्त्यांच्या खेळात आठवड्याला दोनशे, त्यापुढे एक रुपया नाही. मर्यादा वाढवायची तर चार आकडे लागत, आणि ते फक्त बायकोला ठाऊक. तसं त्यानेच करायला लावलं होतं. खेळाने तिचं शिलाई मशीन गिळलं, त्या दिवशी फोन तिच्या हातात देऊन तो म्हणाला होता, "आजपासून माझ्याकडे किल्ली नको."

ती आत्ता दातांच्या डॉक्टरकडे गेली होती. पुढचे दोन दात पडल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, ती तोंडावर हात धरूनच हसायची. एवढी खळखळून हसणारी बाई, पण हसू आलं की आधी हात वर. त्या दातांसाठी दोघांनी पै पै करून पैसे साठवले होते, ते त्याच्याच खात्यात होते. पण तेवढ्या पैशांत काढायचे-घालायचे दात येत होते, पक्के बसवायचे तर आणखी लागत होते. वरचे तेवढे पैसे खेळात सुटले तर? त्याला फार नको होतं. तेवढेच. तिच्यासाठीच तर.

तिच्यासाठीच म्हटलं की माणसाला काहीही करता येतं.

त्याने तिच्या जन्माचं वर्ष टाकलं. चूक. लग्नाची तारीख टाकली. तीही चूक. तिच्या माहेरचा घर नंबर दोनदा जोडून पाहिला, तोही नाही. पाच चुका झाल्या की दिवसभर सगळं बंद. त्याने फोन खाली ठेवला आणि डोळे मिटले. कुलूप लोखंडाचं नसतं, लावणाऱ्याच्या मनाचं असतं, असं त्याला काम शिकवणारे उस्ताद म्हणायचे. ती आकडे टाकताना कशी उभी होती, ते त्याने आठवून पाहिलं. त्याच्याकडे पाठ फिरवून उभी होती. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती.

चौदा तारीख, तिसरा महिना. त्याने फोन तिच्या हातात दिला तो दिवस.

कुलूप उघडलं. बोटांना नेहमी होतो तसा आनंदही झाला, लाज वाटायच्या आधी.

पहिल्या दोन डावांत पैसे वाढले. तिथेच उठायचं होतं, पण उठला असता तर तो आपला कुलूपवाला कसला! तासाभरात दातांचे सगळे पैसे गेले, अगदी शेवटचे सुटेसुद्धा. फोनवर चमचमती अक्षरं आली, पुन्हा खेळा. त्याने फोन कानशीशेजारी पालथा घातला. काय केलंस रे हे, तो स्वतःलाच म्हणाला, आणि गिऱ्हाईक नसताना एक कोरी किल्ली उगाच घासत बसला.

"अहो!"

ती दुकानाच्या दारात उभी होती. हसत होती, आणि हात खाली होते. दोन्ही.

"बघा ना! तात्पुरते बसवून दिलेत. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस हसून बघा, बोलून बघा. परवा पैसे भरले की यांच्याच मापाचे आपले काढायचे-घालायचे." ती जवळ आली. "मी रस्ताभर हसत आले हो. तो फळवाला म्हणाला, ताई, आज काय विशेष?"

"छान दिसतात," तो म्हणाला. किल्लीवरून नजर काही त्याला उचलता येईना.

"न बघताच छान?"

त्याने वर पाहिलं. खरंच छान दिसत होते. लग्नातली ती त्याला लख्ख आठवली. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, मग पालथ्या फोनकडे.

"आकडे कुणी दिले तुम्हाला?"

"कुणी नाही. शोधले."

"किती राहिलेत?"

तो पुन्हा किल्ली घासू लागला. बाहेरून कुणीतरी, "चालू आहे का दुकान?" म्हणून विचारून गेलं.

"दुसरी कुठलीही तारीख ठेवता आली असती मला," ती हळूच म्हणाली. "म्हटलं, ही आठवली तर तुम्ही आपणहून हात मागे घ्याल."

आणि ती हसत नव्हती, तरी तिचा हात सवयीने वर गेला आणि तोंडावर येऊन थांबला.