रोलर कोण ओढणार?

क्लबला माळी परवडत नव्हता, म्हणून सभासदांनीच नियम केला होता: हरेल त्यानं मातीच्या टेनिस कोर्टावर रोलर ओढायचा. आज व्याह्यांशी सामना होता आणि सासरेबुवांनी हरायचंच ठरवलं होतं. सकाळी सून हळूच म्हणाली होती, "आमच्या बाबांची कंबर धरलीय, पण ऐकतील तर शपथ!" म्हणून त्यांनी पहिलाच चेंडू जाळीत घातला. व्याह्यांनी पुढचा थेट कुंपणापलीकडे धाडला. यांनी सोपा चेंडू सोडला, तर त्यांनी रॅकेटच उचलली नाही. बाकावरचे लोक पोट धरून हसायला लागले. शेवटी सासरेबुवा जाळीपाशी गेले. "व्याहीबुवा, मुद्दाम हरताय?" "तुमचा गुडघा दुखतोय ना? लेक सांगत होती." "आणि मला तुमच्या कंबरेचं सांगितलं!" दोघांनी मिळून रोलरचा दांडा धरला. "देणगी मिळाल्यावर क्लब माळी ठेवणार म्हणे," सासरेबुवा म्हणाले. व्याह्यांनी दांड्यावरची पकड घट्ट केली. "मिळू दे सावकाश."